गोविंदण्णा आणि सोलापूरच्या सुमनबाई

गोविंदण्णा पतंगे यांना ताप भरला तेव्हा त्यांनी डॉक्टरकडे जायच्या आधी ऑनलाइन क्लासला रजेचा अर्ज पाठवला.

क्लास रेकॉर्ड केलेला होता. शिकवणारे सर कधीकाळी कुठल्याशा शहरात कॅमेऱ्यापुढे उभे राहून सगळे धडे बोलून मोकळे झाले होते आणि एव्हाना बहुधा ते विसरूनही गेले होते. पण अर्ज गेला. ‘काल सायंकाळपासून ज्वर असल्याकारणाने "मोबाईलवर अन्नाचे फोटो, भाग चार" या तासास हजर राहता येत नाही. तरी एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी ही विनंती.’ खाली सही, तारीख, आणि सहीखाली ‘विद्यार्थी’.

दोन दिवस झाले तरी मंजुरी आली नाही. ताप उतरला, पण गोविंदण्णांचा जीव वरखाली.

मी त्यांना समजावलं, "अण्णा, ते सर तिथे नाहीतच. तो नुसता व्हिडिओ आहे."

"व्हिडिओ हाय हे मला ठावं हाय की सार," ते म्हणाले. "पर शिकवायलाय ते माणूसच की नाही?"

 

आम्ही म्हैसूरला कुवेंपुनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मी आणि माझी बायको मुग्धा. माझी नोकरी हेब्बाळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी सात चाळीसला कोपऱ्यावर कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी तिथंच आणून टाकायची. पुण्याहून आलो तेव्हा दलालानं सांगितलं होतं, ‘ओनर मराठीच आहेत, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.’ पहिल्या दिवशी गोविंदण्णा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "या सार, या. ऊट झालं?"

मी मुग्धाकडे बघितलं. मुग्धानं माझ्याकडे. आम्हाला वाटलं, उंटाबद्दल काहीतरी आहे.

ऊट म्हणजे जेवण. म्हैसूरात माणूस भेटला की आधी हेच विचारतात, मग सकाळचे नऊ असोत की दुपारचे चार. गोविंदण्णांचं मराठी असंच होतं. पंधरा शब्दांत पाच कन्नड, दोन सरकारी इंग्रजी आणि उरलेलं असं मराठी की ते पुस्तकात कधी छापलं गेलं नसावं. त्यांचे पूर्वज रंगारी. किती पिढ्यांपूर्वी लुगडी रंगवत, छापत इकडे उतरले ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. "तिकडनं आलो" एवढंच ते सांगायचे आणि उत्तरेकडे, म्हणजे आमच्या पाण्याच्या टाकीकडे, हात करायचे. ‘तिकडं’ ते जन्मात कधी गेले नव्हते.

स्वतः गोविंदण्णांनी रंगाला हात लावला नाही. नजरबादच्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. आलेल्या टपालावर एक नंबर, गेलेल्या टपालावर दुसरा. सगळी नोकरी त्यात गेली. निवृत्तीनंतरही तो नंबर त्यांच्या हातातून सुटला नव्हता. फाटकावर आलेल्या लग्नपत्रिकेवरसुद्धा ते कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा टाकत. कुठलीही गोष्ट ‘थ्रू प्रापर चॅनल’ झाली पाहिजे हा त्यांचा धर्म. नळ गळत असला तर मी थेट प्लंबरला बोलवायचं नाही. मी त्यांना सांगायचं, ते प्लंबरला सांगणार, प्लंबर माझ्याकडे येणार.

त्यांची बायको सरोजा आम्ही यायच्या आदल्या वर्षी गेली. मुलगी हुबळीला दिलेली, तिची मुलं कन्नड आणि इंग्रजी बोलणारी. गोविंदण्णा एकटे. सहा महिने त्यांनी खानावळीचा डबा खाल्ला आणि मग एक दिवस डबा बंद करून ते स्वतः ओट्यापुढे उभे राहिले. सरोजाबाईंनी कुठं काही लिहून ठेवलं नव्हतं. गोविंदण्णांना फक्त चव आठवत होती. रस्ता माहीत नाही, पण घर ओळखीचं, अशी त्यांची अवस्था.

अशा वेळी त्यांच्या फोनवर जाहिरात आली. घरबसल्या फूड ब्लॉगर व्हा.

ब्लॉगर ही हेडक्लार्कसारखी काहीतरी पोस्ट असावी अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी तीच विचारायला मला गाठलं. मी बसच्या घाईत होतो. म्हटलं, "अण्णा, ब्लॉगर म्हणजे आपण काय शिजवलं, कसं शिजवलं ते लिहायचं, फोटो लावायचे, लोक वाचतात."

"कोण लोक?"

"कुणीही. जगात कुठलेही."

"तिकडचे सुद्धा?"

"तिकडचे सुद्धा," मी म्हणालो आणि बस पकडली.

त्या दिवशी त्यांनी पहिल्या कोर्सला नाव घातलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

वर्ग रोज संध्याकाळी पाच वाजता भरायचा, कारण गोविंदण्णांनी तशी वेळ ठरवली होती. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, पुढ्यात खाकी कव्हर घातलेली वही. फोन डब्याला टेकवून ठेवलेला. पडद्यावर सर येऊन "नमस्कार" म्हणाले की गोविंदण्णा उभे राहत. सरांनी "बसा" म्हटलेलं नसल्यानं पहिले काही दिवस ते तास संपेपर्यंत उभेच असत. शेवटी मुग्धा म्हणाली, "अण्णा, आजकाल सर सांगत नाहीत, मुलं आपली आपण बसतात." तेव्हा कुठे बसायला लागले.

फोटोच्या कोर्समध्ये सरांनी सांगितलं की नैसर्गिक उजेडासारखा उजेड नाही. दुसऱ्या दिवशी गोविंदण्णा ताट घेऊन आमच्या डोक्यावर, गच्चीत. एका हातात फोन, दुसऱ्या हातात छत्री, सावली नेमकी पडावी म्हणून. तिथं कावळे. कावळ्यांना हाकलायला तिसरा हात नाही. त्यांनी मला हाक मारली. मी रविवारची अर्धी सकाळ वाटीभर सांबाराचं कावळ्यांपासून रक्षण करण्यात घालवली. सर म्हणाले होते, ताटात एक ‘हिरो’ असतो, बाकीचे साथीला. गोविंदण्णा बराच वेळ ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सार, ह्यात हिरो कोण म्हणायचा? मला सगळे क्लार्कच दिसायलेत."

मग त्या कोर्सात ‘नीश’ आलं. आपली नीश शोधा, म्हणजे एकच खास विषय धरा, असं सरांना म्हणायचं होतं. गोविंदण्णा चार दिवस घरभर फिरले. मुग्धा भाजी आणायला निघाली की जिन्यात अडवून सांगायचे, "मुग्धाम्मा, अजून माझं निश सापडंना." ती खूप हसली. पण तिनंच त्यांना खाली बसवून विचारलं, "सरोजाकाकूंचं तुम्हाला सगळ्यात काय आठवतं?" गोविंदण्णांनी वही मिटली. मग म्हणाले, "हुरळीचे शेंगोळे." हुरळी म्हणजे आपला हुलगा.

तिसरा कोर्स लिहिण्याचा होता आणि तो मराठीतून होता. त्यातल्या मॅडम म्हणाल्या, ‘जसं बोलता तसं लिहा. वाचकाशी गप्पा मारा.’ गोविंदण्णांनी हे आदेशासारखं मानलं. फक्त गप्पा मारायची त्यांना एकच पद्धत माहीत होती.

त्यांच्या ब्लॉगचं नाव ‘पतंगे अन्न विभाग, म्हैसूर’. तो मी तयार करून दिला. त्यावरचा शेंगोळ्यांचा मजकूर मला आजही पाठ आहे.

‘जावक क्र. ७. विषय : हुरळीच्या शेंगोळ्यांबाबत. संदर्भ : कै. सौ. सरोजा यांनी वेळोवेळी दिलेल्या तोंडी सूचना. मा. वाचक, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येतं की, हुरळीचं पीठ घ्यावं. किती, म्हणून विचारू नये. सरोजा मुठीनं घ्यायची. तिची मूठ लहान होती. माझी मोठी हाय. म्हणून माझे शेंगोळे जास्ती होतात आणि खायला माणूस एकच.’

पुढे लसूण, जिरं, ओलं खोबरं, करिबेवु म्हणजे कढीपत्ता, असं सगळं कलमवार होतं आणि शेवटी ‘आपला विश्वासू’.

आमचा म्हैसूरातल्या पुण्या-मुंबईच्या लोकांचा एक गट होता. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, साबुदाण्याची खिचडी खायची आणि इथं चांगलं मराठी कसं ऐकायला मिळत नाही यावर बोलायचं. त्या महिन्यात सगळे आमच्याकडे होते. मी फोन काढला आणि जावक क्रमांक सात वाचून दाखवला. आवाज काढून. गोविंदण्णांचे हेल मला छान जमायचे. लोक हसून लोळले. ‘किती म्हणून विचारू नये’ला एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुठीपर्यंत पोचलो तोवर इतका गोंधळ झाला होता की शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

मुग्धा उठून आत गेली होती. खिडक्या उघड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी गोविंदण्णा झाडांना पाणी घालत होते. "काल पाव्हणे आलते वाटतं," ते म्हणाले. "हसणं ऐकू आलं. चांगलं वाटलं सार. घरात हसणं पायजे."

त्यांना शब्द ऐकू आले होते की नुसतं हसणं, मी विचारलं नाही.

ब्लॉग कुणी वाचत नव्हतं. वाचकांचा आकडा तीनवर थांबलेला. एक ते, एक मुग्धा, एक मी. गोविंदण्णांनी वाचक कसे मिळवावेत याचाही कोर्स केला. त्यातल्या सरांच्या सांगण्यावरून लोकांच्या ब्लॉगांवर जाऊन ‘आपला पदार्थ पाहिला, समाधान वाटले’ असे शेरे टाकून आले. बदल्यात कुणी फिरकलं नाही. संध्याकाळी मी बसमधून उतरलो की ते पायरीवर फोन हातात धरून बसलेले दिसायचे.

"काही आलं का अण्णा?"

"नाय. नुसतं जावक व्हायलंय," ते म्हणायचे. "आवक शून्य."

एका संध्याकाळी हेब्बाळहून येताना बस वाहतुकीत अडकली. मला कंटाळा आला होता. थोडी लाजही वाटत असावी, त्या खिचडीच्या दिवसाची. मी एक नवं खातं उघडलं, त्याला ‘सुमन, सोलापूर’ असं नाव दिलं आणि शेंगोळ्यांखाली लिहिलं : ‘आमच्याकडेही शेंगोळे असेच करतात, फक्त खोबरं नाही घालत. तुमची भाषा वाचून माझी आजी आठवली. ती असंच बोलायची. लिहीत राहा.’

सोलापूर का, तर ते मला सुचलं. आजी का, तर काहीतरी बरं लिहायचं म्हणून.

घरी पोचलो तर गोविंदण्णा पायरीवर नव्हते. ते आमच्या दारात होते. मुग्धाला फोन दाखवत होते. "बगा मुग्धाम्मा! तिकडनं आलंय! सोलापूर! असंच बोलायची म्हणं, आजी!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सार, म्हंजे आमचं मराठी मराठीच हाय की नाही मग?"

"अर्थातच," मी म्हणालो.

त्यांनी ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं, वर ‘आवक क्र. १’ घातलं आणि सरोजाबाईंच्या फोटोखाली लावलं.

आता थांबायला हवं होतं. पण त्यांनी उत्तर लिहिलं, त्यात प्रश्न होता. प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. असं करत सुमनबाई वाढत गेल्या. त्या साठीच्या झाल्या, विधवा झाल्या, त्यांना एक मुलगी झाली. मी बसमध्ये बसल्याबसल्या त्यांना जगवत होतो. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. सुमनबाई माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. त्या विचारायच्या, आज काय केलंत, गुडघा कसा आहे, एकट्यासाठी शिजवायचा कंटाळा येतो का. बसमधून उतरल्यावर मी स्वतः फाटकातून जाताना "काय अण्णा" म्हणून दोन पायऱ्या एका ढांगेत चढायचो.

गोविंदण्णा बदलले. केस कापून आले. पायरीवर बसणं सुटलं, कारण स्वयंपाकाला वेळ पुरेना. होळिगे म्हणजे पुरणपोळी झाली, चिरोटे झाले, कसल्याशा आमसुली सारावर तीन दिवस प्रयोग झाले. वरच्या मजल्यावर रोज वाटी यायची. "सुमनबाईंना लिहायच्या आधी तुमचा शेरा पायजे सार. थ्रू प्रापर चॅनल."

एके दिवशी त्यांनी सुमनबाईंना मोठं पत्र लिहिलं. त्यावर विषय नव्हता, संदर्भ नव्हता, क्रमांकही नव्हता. मी ते हेब्बाळला कंपनीच्या फाटकाशी, बसमधून उतरायच्या आधी वाचलं.

‘सरोजा गेल्यापासून ह्या घरात आमचं मराठी बोलणारं कोण नाही. मी एकटाच बोलतो, भांडी घासताना. नातवंडं हसतात. वर एक लिमयेसार म्हणून राहतात, पुण्याचे. माणूस चांगला. पर त्यांचं मराठी एकदम इस्त्रीचं. त्यांच्यापुढं तोंड उघडलं की मला माझा शर्ट फाटका असल्यासारखं वाटतंय. तुमच्यापुढं तसं वाटत नाही.’

मागचा माणूस म्हणाला, "उतरताय ना?" मी उतरलो. त्या दिवशी सुमनबाईंना काय उत्तर द्यावं मला कळेना. दुसऱ्या दिवशीही कळेना. मग ऑफिसात एका कामाची मुदत जवळ आली आणि न कळणं सोयीचं झालं. तीन आठवडे सुमनबाईंनी काही लिहिलं नाही.

त्या तीन आठवड्यांत गोविंदण्णा मला जिन्यात दोनदा म्हणाले, "बाईंची तब्येत बरी नसंल." मी म्हणालो, "असेल काही कामात." ते म्हणाले, "कामात असलं तरी माणूस एक ओळ लिहितोय." मी घड्याळाकडे बघितलं.

आणि एका सोमवारी सकाळी मी बससाठी पळत खाली आलो, तर फाटकाशी रिक्षा उभी. गोविंदण्णा नव्या शर्टात, खांद्याला पिशवी, हातात स्टीलचा मोठा डबा.

"कुठे निघालात अण्णा?"

"सोलापूर."

मी जागीच थांबलो.

"चिरोटे केलेत," डबा उचलून ते म्हणाले. "बेंगळूरला जाऊन तिथनं गाडी हाय. सुमनबाई आजारी हायत सार. मला खात्री हाय. एकटी बाई. स्वल्प बगून येतो."

"पण अण्णा, पत्ता?"

"हाय की. त्यांनीच लिवलंय. जुन्या गावात, मारुतीच्या देवळामागं."

ते मीच लिहिलं होतं. महिन्यापूर्वी त्यांनी विचारलं होतं आणि मारुती सगळीकडे असतो म्हणून मी मारुती लिहिला होता. सोलापुरात मारुतीची देवळं किती असतील, त्यांच्या मागे घरं किती असतील, याचा विचार करायचं मला काय कारण होतं?

रिक्षावाला कन्नडमध्ये घाई करत होता. कोपऱ्यावर माझी बस दिसली. एक वाक्य पुरलं असतं. ‘अण्णा, सुमनबाई मी आहे.’ चार शब्द. ते माझ्या तोंडात आलेही होते. पण ते म्हणताना त्यांचा चेहरा मला बघावा लागला असता, आणि त्यांच्या हातात चिरोट्यांचा डबा होता.

"जपून जा," मी म्हणालो.

"हौदु, हो सार. तुम्ही बी बस चुकवू नका."

मी बस चुकवली नाही. बसमध्ये बसलो आणि सुमनबाईंकडून लिहिलं, ‘मी मुलीकडे आले आहे, तब्येत उत्तम, सोलापुरात नाही.’ पण गोविंदण्णा प्रवासात फोन बंद ठेवत. मीही त्यांना फोन लावला. बंद.

संध्याकाळी मुग्धाला सगळं सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं सुमनबाई खऱ्याच आहेत. तिनं तर त्यांच्या खोबरं न घालण्याच्या पद्धतीनं एकदा शेंगोळे करूनही बघितले होते. 

"त्यांच्याशी गोड बोलायला तुला दुसरं नाव का लागलं?" तिनं विचारलं. "खाली उतरून बोलता आलं असतं. चौदा पायऱ्या आहेत."

सहाव्या दिवशी दुपारी गोविंदण्णा परत आले. शनिवार असावा, कारण मी घरी होतो. ते थेट वर आले. उन्हानं काळवंडले होते, चपलेचा अंगठा तुटला होता. हातात शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट. ते त्यांनी मुग्धाला दिलं. मुग्धानं पाणी आणलं. मी उभाच होतो. पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि मुग्धाकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"भेटल्या सुमनबाई."

मुग्धानं पाकीट ओट्यावर ठेवलं.

"मारुती लई हायत तिथं. सहा मारुत्यांच्या मागं काय नव्हतं. सातव्या मारुतीमागं घर सापडलं. लहान घर. म्हाताऱ्या झाल्यात बाई, आपल्याला वाटलंवतं त्यापेक्षा जास्ती. डोळे गेलेत. दुसऱ्या कुणाकडनं तरी लिवून घ्यायच्या वाटतं. आता ते बी जमायचं नाय म्हणाल्या. यापुढं पत्र येणार नाय. चिरोटे खाल्ले. दोन खाल्ले."

मुग्धानं मान खाली घातली.

"मत्ते, आणिक काय सांगू? सोलापूर चांगलं हाय," ते पुढे म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. हे खरं आहे हे मला कळलं. "बाजारात एक बाई कोथिंबीर विकायलीती. तिला वाट विचारली. ती म्हणाली, ‘कुटनं आलाव अण्णा?’ माझ्यासारखंच, मुग्धाम्मा. असंच्या असं. मी तिथंच बसलो तिच्याजवळ. अर्धा दिस बसलो. सरोजाची गोष्ट सांगितली. ती हसली नाय. तिथं कोणच हसलं नाय."

ते उठले. दाराशी गेल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे वळले, पण नजर माझ्या खांद्यावर कुठेतरी.

"बाईंच्या वतीनं लिवणारं माणूस वाईट नव्हतं सार," ते म्हणाले. "तेवढं मी बगून आलो."

आणि हळूहळू, कठड्याला धरून, खाली उतरले.

त्यानंतर त्यांनी क्लास केला नाही. ब्लॉगवर नवं काही आलं नाही. मी माझ्या खऱ्या नावानं शेंगोळ्यांखाली चार ओळी लिहिल्या, मनापासून लिहिल्या. त्यांनी त्या बघितल्या की नाही मला माहीत नाही. मी संध्याकाळी खाली जाऊन बसायचं ठरवलं. ठरवलं खूप वेळा, गेलो मोजून चार वेळा. गेलो की दोघांनाही बोलायला सुचायचं नाही. मी उगाच सोपं मराठी बोलायचा प्रयत्न करायचो आणि ते उगाच अवघड. सुमनबाईंना जे लिहायला मला बसमध्ये एक मिनिट लागायचं, ते त्यांच्या स्वयंपाकघरात तोंडातून निघत नसे.

मग कंपनीनं मला पुण्याला परत बोलावलं. सामान ट्रकमध्ये चढलं त्या रविवारी दुपारी गोविंदण्णांनी आम्हाला जेवायला बोलावलं. वर निरोप आला, ‘मा. लिमये दांपत्य’ म्हणून. ताटं मांडलेली. शेंगोळे केले होते. ते वाढत होते, स्वतः जेवायला बसत नव्हते. मुग्धा कढीपत्त्याचं काहीतरी विचारत होती आणि ते तिला रंगून सांगत होते.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या सुमनबाई—"

त्यांनी माझ्या ताटात डावभर शेंगोळे वाढले. मग आणखी एक डाव.

"साकु, पुरे म्हणू नका सार. पुण्यात हुरळी मिळती का नाय कोण जाणे."

"अण्णा, मला सांगायचं होतं—"

"खावा," गोविंदण्णा म्हणाले. माझ्या ताटावर त्यांनी तुपाची वाटी उपडी केली आणि माझ्यासमोर पाटावर बसले. "घास तोंडात असताना बोलू नये."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. ताट संपेपर्यंत ते समोरून उठले नाहीत.